दादाच्या पायांचं माप

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर बाबांचं दुकान आहे आणि त्या दुकानात पाय मिळतात. तयार नाही, माप घेऊन करून मिळतात. लाकडाचे, चामड्याचे, हल्ली प्लास्टिकचेसुद्धा. शाळेत एखाद्या नव्या मुलीला हे सांगितलं की ती आधी हसते आणि मग हळूच माझ्या पायांकडे बघते. दोन्ही माझेच आहेत, हे मी तिने विचारायच्या आत सांगून टाकते.

दुकानाच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत उंच आरसा आणि धरून चालायला दोन लांब दांड्या. मागच्या खोलीत यंत्रं, भुसा आणि बाबांचा रेडिओ. मधली मापाची खोली. तिथे एक स्टूल, दोन बादल्या, प्लास्टरच्या पट्ट्या आणि भिंतभर फळ्या आहेत. फळ्यांवर साचे. पांढरे, पोकळ, गुडघ्यापासून बोटांपर्यंत. प्रत्येकावर बाबांच्या तिरप्या अक्षरात नाव आणि तारीख.

हे साचे धडधाकट माणसांच्या पायांचे. ते कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण पॉलिशकाका.

पॉलिशकाका बाबांकडे पॉलिशचं काम करतात. मागच्या लढाईत अगदी सुरुवातीलाच त्यांचे दोन्ही पाय गेले. तेव्हा बाबा नुकते धंद्यात उतरले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा पाय कसा होता?" काकांना सांगताच येईना. "अरे, पाय म्हणजे काय तोंड आहे का, रोज आरशात बघायला!" एक पाय राहिला असता तर त्यावरून दुसरा करता येतो. दोन्ही गेल्यावर अंदाज. बाबांचा अंदाज दोन बोटं चुकला आणि काका बावीस वर्षं बदकासारखे चालतायत. नवे करून देतो म्हटलं तर ऐकत नाहीत. "आता बायकोला माझी हीच चाल माहीत आहे. उगीच दुसरा कुणी आला म्हणून दार लावून घ्यायची."

त्यानंतर बाबांनी रीत पाडली. आमच्या गल्लीतला जो कुणी लढायला जाईल, त्याने आधी येऊन माप देऊन जायचं. पैसे नाहीत, काही नाही. आणि जो धड परत येईल त्याने दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्या हाताने हातोडीने आपला साचा फोडायचा. त्या चुऱ्याचा पांढरा डाग आमच्या पायरीवरून आजही जात नाही. आई घासून घासून थकली.

आता माझं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला घरात "मुकी" म्हणायचे. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणायचं कामसुद्धा मी शेजारणीकडून करून घ्यायचे. मग एकदा प्रार्थना सांगणारी मुलगी आजारी पडली आणि बाईंनी मला पुढे ढकललं. काय झालं कोण जाणे, तोंड उघडलं आणि आवाज बाहेर आला. नुसता आला नाही, मैदान ओलांडून समोरच्या इमारतीवर आपटून परत आला! त्या दिवसापासून दादा मला "भोंगा" म्हणतो. वक्तृत्व, नाटक, निवेदन, सगळीकडे मी. बोलायला मिळालं की मला हवेत चालल्यासारखं वाटायचं, आणि खाली बघायची मला गरजच वाटत नव्हती.

या वर्षी वादस्पर्धेचा विषय होता, "युद्ध आवश्यक आहे का?" नदीपलीकडचं गाव शत्रूने ताब्यात घेऊन आठ महिने झाले होते. पूल बंद. माझी मावशी तिच्या पाच वर्षांच्या मुलीसह पलीकडे. मदतीची गाडी महिन्यातून एकदा जायची, तिच्यातून पत्र यायचं, तेही फोडून पुन्हा चिकटवलेलं.

बाजू चिठ्ठी टाकून ठरत होती. माझ्या चिठ्ठीत निघालं: आवश्यक आहे.

मला काहीच वाटलं नाही. नाही, खोटं कशाला, मला आनंद झाला, कारण ही बाजू अवघड होती. रोज सकाळी अख्खी शाळा डोळे मिटून शांतता मागते, त्यांच्यापुढे उलटं बोलून जिंकायचं म्हणजे काय! मी आईच्या कपाटातून मावशीची पत्रं घेतली. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं, "तुम्ही सगळे आमच्यासाठी प्रार्थना करता हे वाचून बरं वाटलं. पुलावर सगळं अडवतात, पीठ अडवतात, औषध अडवतात. प्रार्थना तेवढी सोडतात वाटतं, कारण ती पोचते आणि बाकी काहीच पोचत नाही."

मावशी अशीच आहे, रडायच्या जागी टोमणा मारते. मी ते सभागृहात वाचलं आणि वाचून झाल्यावर थांबले. बरोबर तीन मोजून थांबले, बाईंनी शिकवलं होतं तसं. मग म्हणाले, "शांतता मागणं सोपं आहे, कारण ती मागायला कुणाला घरातून उठावं लागत नाही."

टाळ्या थांबेनात. परीक्षक चष्मा पुसत होते. मला चषक मिळाला आणि मागच्या रांगेत उभा असलेला माझा दादा, जो माझं भाषण ऐकायला कधी येत नाही, तो त्या दिवशी आला होता. सगळ्यांत जोरात शिट्टी त्याचीच.

चार दिवसांनी तो जेवायला उशिरा आला, हात धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, "मी नाव दिलंय. येत्या शुक्रवारी बस आहे. चार वाजता."

आईने वाढायचा डाव तसाच हातात धरला. बाबा जेवत राहिले. घास, घास, घास. पान पूर्ण संपवून उठले, खाली गेले आणि यंत्र सुरू केलं. त्या वेळी कुठलंही काम बाकी नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?" आईने विचारलं.

दादा माझ्याकडे बघून हसला. "भोंग्याने."

त्याने ते थट्टेत म्हटलं. मी मात्र जेवणावरून उठले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवसापासून मी दादाच्या मागे लागले. मला काय, मुद्दे काढता येतात! एका बाजूने जिंकले तर दुसऱ्या बाजूने का नाही जिंकणार? मी वहीत नऊ मुद्दे लिहिले आणि तो गच्चीवर सायकलची साखळी पुसत बसला होता तिथे जाऊन उभी राहिले.

"मुद्दा पहिला," मी म्हटलं, "तुला साधं झुरळ मारता येत नाही."

"झुरळाने कुणाचा पूल अडवलाय का?"

"दादा, चेष्टा नको. ते स्पर्धेसाठी होतं. चिठ्ठीत दुसरी बाजू आली असती तर मी दुसरं बोलले असते. तितक्याच जोरात!"

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"तू दोन्ही बाजूंनी बोलली असतीस," तो साखळीवरून बोट फिरवत म्हणाला, "पण मावशीचं पत्र एकाच बाजूला होतं ना? ते तर तू लिहिलं नव्हतंस."

माझे आठ मुद्दे तिथेच गळाले. तरी मी म्हटलं, "शांततेने सुटेल. बोलणी चालू आहेत. रेडिओवर सांगतात."

"आठ महिने सांगतायत. शांतता मागणं सोपं आहे, कारण..."

"नको म्हणूस!"

"...कारण ती मागायला कुणाला घरातून उठावं लागत नाही," त्याने वाक्य पूर्ण केलं. माझ्यासारखाच तीन मोजून थांबला. "मी उठलो, बस."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि मारलंसुद्धा. वही फेकून. ती त्याच्या कानावर लागली आणि त्याने कान चोळत वही परत दिली.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, मला बोलावलं. शुक्रवारी बस निघायच्या आधी स्टँडवर शांततेची प्रार्थना होणार होती. ती मी सांगायची.

"बाई, मला नको," मी म्हटलं. "माझा भाऊ जातोय. आणि... आणि तो माझ्यामुळे जातोय."

बाईंनी कागदावरून मान वर केली. मला वाटलं, त्या काहीतरी मोठं, आधार देणारं बोलतील.

"माइकचा भरवसा नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो."

गल्लीतून एकूण चौदा जण जाणार होते. सोमवारपासून ते मापाला यायला लागले. टपालवाल्यांचा लंबू, ज्याचे पाय स्टुलावरून खाली ठेवल्यावर बादलीत जात होते. शिंपीणमावशींचा चष्मिस, ज्याला गुदगुल्या इतक्या होत होत्या की दोन पट्ट्या वाया गेल्या. बाबा प्रत्येकाच्या पायाला तेल चोळायचे, जांभळ्या पेन्सिलीने हाडांच्या जागी खुणा करायचे. ओल्या प्लास्टरला ती पेन्सिल लागते आणि खुणा साच्याच्या आतल्या बाजूला उमटतात. मग नडगीवर वरून खाली रबराची एक लांब पट्टी ठेवायची आणि तिच्यावरून प्लास्टर गुंडाळायचं. वाळलं की त्या पट्टीवरून सुरी चालवायची. सुरी रबराला लागते, कातडीला लागत नाही, आणि साचा पुस्तकासारखा उघडतो. हे मला सातव्या वर्षापासून पाठ आहे.

"पक्कं बसलं पाहिजे हं," पॉलिशकाका दारातून म्हणायचे. "नाहीतर आयुष्यभर माझ्या मागून चालावं लागेल, एकामागे एक, बदकाच्या पिल्लांसारखे."

पोरं हसायची. त्यांच्याबरोबर आलेल्या आया हसत नव्हत्या. त्या पायांकडे बघत होत्या. लंबूच्या आईने त्याच्या घोट्यावरचा जुना व्रण दाखवून विचारलं, "हे येईल का हो यात?" बाबा म्हणाले, "येईल."

गुरुवारपर्यंत तेरा जणांचे सव्वीस साचे फळीवर लागले. चौदावा दादा. रात्री जेवताना त्याने विचारलं, "बाबा, माझं कधी?"

"मला वेळ नाही."

"सगळ्यांना वेळ होता."

"ती दुसऱ्यांची मुलं होती," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

शुक्रवारी सकाळी बाबा लाकडाच्या वखारीत निघून गेले. लाकूड मंगळवारीच आलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई वर दादाची पिशवी भरत होती, रिकामी करत होती, पुन्हा भरत होती. अकराच्या सुमाराला दादा मापाच्या खोलीत आला, स्टुलावर बसला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"तू घे," तो मला म्हणाला.

"मी कधी घेतलेलं नाही."

"हजार वेळा बघितलंयस ना? माझ्या पायावर शिक. उगीच बाहेरच्याचा बिघडवण्यापेक्षा."

मी घेतलं. तेल चोळलं. दादाच्या पायांवर इतके केस आहेत हे मला माहीतच नव्हतं, आणि तेल कमी पडतंय हेही कळलं नाही. खुणा केल्या. गडबडीत पाणी जास्त गरम घेतलं. गरम पाण्याने प्लास्टर भराभर सुकतं. उजवा पाय, मग डावा. पट्टीवर पट्टी, हाताने गुळगुळीत करत. दादा वरून सूचना देत होता, "भोंगा, बोटांना गुदगुल्या नकोत. भोंगा, हे गरम होतंय. भोंगा, तुझं नाक गळतंय."

दहा-बारा मिनिटांत दोन्ही टणक झाले. मी वाकडी सुरी उचलली, नडगीवर रबराची पट्टी कुठे आहे ते चाचपलं, आणि माझ्या हाताला काहीच लागलं नाही.

दोन्ही रबरी पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. जिथे रोज असतात तिथेच, माझ्या नाकासमोर.

मी विसरले, असं मी दादाला म्हटलं. तेच सगळ्यांना सांगितलं. सातव्या वर्षापासून पाठ असलेली गोष्ट मी खरंच विसरले की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगते की सुरी हातात धरून मी उभी होते, आणि माझ्या मनात पहिला विचार "आता काय करू" हा नव्हता. पहिला विचार होता की बस चारला आहे आणि दादाला उठता येत नाहीये.

"ओढून काढ," दादा म्हणाला. मी ओढलं. तो किंचाळला. केस प्लास्टरमध्ये अडकले होते. इस्पितळात कापायचं यंत्र असतं, पण इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि गाड्या सगळ्या सैन्याने घेतलेल्या. रबराशिवाय नुसत्या सुरीने, कातडीला धक्का न लावता प्लास्टर कापणारा माणूस एकच. तो वखारीत, नको असलेलं लाकूड बघत होता.

पॉलिशकाका डुलत डुलत त्यांना बोलवायला निघाले. इतक्यात किंचाळणं ऐकून आई खाली आली. तिने स्टुलावर दोन पांढरे पाय पुढे करून बसलेला मुलगा बघितला, मला बघितलं, खिळ्याकडे बघितलं. तिला कळलं. तीही पंचवीस वर्षं याच घरात राहते.

"राहू दे ना थोडा वेळ," ती म्हणाली. अगदी हळू. जणू झोपलेल्याला उठवू नका म्हणतेय.

"आई!" दादा म्हणाला.

"पाच वाजेपर्यंत. मग काढू."

"आई, मावशीचं काय?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. पदराने नाही, तळहातानेच तोंड पुसलं. "रोज सकाळी उठून मी दोन गोष्टी मागते," ती म्हणाली. "एक, लढाई होऊ नये. आणि दुसरी, कुणीतरी जाऊन तिला आणि पोरीला घेऊन यावं. कुणीतरी म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी. लंबू जावा, चष्मिस जावा. त्यांच्या आया इथे बसल्या होत्या तेव्हा मी त्यांना पाणी देत होते आणि मनात हेच." तिने मान हलवली. "कसलं मागणं आहे का हे? कोण ऐकेल?"

दादाला तिच्याजवळ जायचं होतं. तो अर्धवट उठला, घोटे वळेनात म्हणून परत बसला. मग नुसता हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मी मध्ये उभी होते, तरी मी कुणाचाच हात धरला नाही.

बाबा आले तेव्हा साडेबारा झाले होते. त्यांनी वाकून साच्यावर टिचकी मारली.

"रबर?"

"विसरले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ. मला वाटलं आता ओरडतील, किंवा वाटलं की म्हणतील, बरं केलंस. यातलं काही झालं असतं तरी मी रडले असते.

"पाणी गरम घेतलंस," एवढंच ते म्हणाले. मग सुरी दगडावर घासली, जमिनीवर मांडी घातली आणि दादाचा उजवा पाय मांडीवर घेतला.

केसाएवढं कापायचं, बोट घालून बघायचं, पुन्हा केसाएवढं. दुकानात सुरीच्या करकर आवाजाशिवाय काही नव्हतं. उजवा निघाला तेव्हा दीड वाजून गेला होता. डाव्याला सुरुवात करताना बाबा म्हणाले, "लहानपणी बूट घालताना असाच ताठ करायचास. शाळेत जायचं नसलं की."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं."

समोरच्या घड्याळात दोनचे ठोके पडले. बाबांचा हात थांबला. सुरी तशीच प्लास्टरमध्ये. आई बघत होती, मी बघत होते. त्यांनी फक्त सुरी खाली ठेवायची होती. घोटा अवघड आहे, उद्या करू, एवढंच म्हणायचं होतं. कुणालाही पटलं असतं.

"बाबा," दादा म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर..."

"मला नकोच आहे," बाबा म्हणाले. "पाय हलवू नकोस."

आणि सुरी पुन्हा चालायला लागली.

पावणेतीनला डावा सुटला. दोन्ही पायांवर एक ओरखडासुद्धा नव्हता, नुसते लालबुंद, जागोजागी केस उपटलेले. बाबांनी दोन्ही साचे पुसले, दादाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि चौदाव्या जागेवर ठेवले. मग दादाच्या पायांवर कोमट पाणी घालून ते स्वतः धुतले.

स्टँडवर गर्दी मावत नव्हती. माइक खरंच बंद पडला. मोठ्या बाईंनी मला एका खोक्यावर उभं केलं आणि टंकलेला कागद दिला. "हे सगळ्यांच्या देवा, आम्हाला शांती दे. शत्रूला सुबुद्धी दे. शस्त्रं गळून पडोत..." अशी वाक्यं होती. चांगली होती. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, तिथे बसच्या खिडकीत दादा होता. सगळे डोळे मिटून म्हणत होते. आईचेही डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते, पण ओठ हलत नव्हते. मी शांती मागत होते आणि माझ्यासमोर पलीकडचा पूल दिसत होता, त्याच्यावर मावशी दिसत होती, आणि मला एकदम कळेना की हा कागद मी कुणाच्या बाजूने वाचतेय.

कागद संपला. मला खाली उतरता येईना. मी कागदावर नसलेलं एक वाक्य म्हटलं, अगदी जोरात.

"आणि या सगळ्यांनी परत येऊन आपापले पाय फोडावेत!"

लोकांनी डोळे उघडले. एक आजोबा म्हणाले, "काय बोलतेय ही?" मोठ्या बाईंचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. पण आमच्या गल्लीला कळलं. पॉलिशकाका मोठ्याने हसले आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं. बसमधून लंबूने हातोडी मारल्याची खूण केली. दादाने शिट्टी वाजवली, वादस्पर्धेच्या दिवशी वाजवली होती तशीच. मग बस गेली.

याला आता सहा महिने झाले.

अडीच महिन्यांपूर्वी पूल सुटला. रेडिओवर नुसतं सुटला म्हणाले, कसा सुटला ते गेलेल्यांनाच माहीत. त्यानंतर आठ दिवसांनी मावशी आली, एका हातात मुलगी आणि एका हातात उशीच्या खोळीत भरलेलं सामान. इतकी वाळलेली की आईने तिला मिठी मारताना आधी चाचपून बघितलं. ती टोमणे मारत नाही. जेवताना ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवते आणि कुणी बघत नाही असं समजून रुमालात बांधते. आम्ही कानाडोळा करतो.

ती आली ती प्रार्थनेने आली नाही. हे मला माहीत आहे आणि तिलाही. पण रोज सकाळी शाळेत मी खोक्यावर चढते आणि शांतता मागते. पूर्वी पाठ म्हणायचे, आता अडखळते. बाई म्हणतात, सराव कमी पडतोय.

चौदांपैकी पाच जण परत येऊन साचे फोडून गेले. चष्मिसने फोडताना इतका भुगा उडवला की आठवडाभर खोकत होता. दोघांचे साचे बाबांनी फळीवरून खाली काढले, त्यात ओतून पाय केले. लंबूचा डावा त्यातलाच. घोट्यावरचा व्रण त्यात नीट उतरला होता, त्याच्या आईला बाबांनी तो दाखवला. आणि एक आई आली, तिने शाल पसरली, आपल्या मुलाचे दोन्ही साचे त्यात गुंडाळले आणि तान्ह्याला घ्यावं तसे घेऊन गेली. बाबा दारापर्यंत तिच्यामागून गेले. त्या दिवशी रेडिओ लागला नाही.

बाकीचे फळीवर आहेत. दादाचं शेवटचं पत्र येऊन सात आठवडे झाले. त्यात लिहिलं होतं, "पायांवर केस परत आले. भोंग्याला सांगा."

दादा का गेला हे मावशीला पहिल्या दिवशीच कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती रोज सकाळी मापाच्या खोलीत जाऊन सगळे साचे कोरड्या फडक्याने पुसते. दादाचे शेवटी. काल मी शाळेतून आले तर ती पुसत होती आणि तिची मुलगी दादाचा डावा साचा मांडीवर उघडून आत वाकून बघत होती.

"यात जांभळे ठिपके आहेत," ती म्हणाली.

"त्या हाडांच्या खुणा आहेत," मी सांगितलं.

"आणि केस पण आहेत."

"ते दादाचे. मी तेल कमी लावलं होतं."

"त्याला दुखलं?"

"खूप. ओरडला."

तिने बोट घालून एका केसाला हळूच हात लावला. "हे तू कधी फोडणार?"

"मी नाही. तो फोडणार."

"कधी?"

मावशीचं फडकं थांबलं. मागच्या खोलीतलं यंत्रही बंद झालं, म्हणजे बाबा ऐकत होते. मला नऊच्या नऊ मुद्दे काढता येतात, माझा आवाज मैदान ओलांडून जातो. मी तिच्या हातातून साचा घेतला, दोन्ही बाजू जुळवून बंद केला, आतले केस बाहेर पडणार नाहीत अशा बेताने, आणि परत फळीवर ठेवला.